ओठ त्यांचे, गाणं आपलं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे. पुण्यात आफ्रिकेतून शिकायला आलेली मुलं पुष्कळ, त्यातला एकजण मागच्या पावसाळ्यात तिथे कटिंग घेऊन उभा होता. कॉलेजातली दोन पोरं आली आणि त्यांनी त्याला देश विचारला. तो म्हणाला, "टांझानिया." पोरांचे चेहरे उजळले. "अरे, किली पॉल! किली पॉल!" एकाने खिशातून मोबाइल काढला, एक हिंदी गाणं लावलं, कॅमेरा त्याच्यासमोर धरला आणि म्हणाला, "भाई, करके दिखाओ ना!"

तो हसला आणि मान हलवून नको म्हणाला. पोरं थोडी हिरमुसली, पण वाईट अजिबात नव्हती. त्यांनी त्याच्या चहाचे पैसेसुद्धा दिले. तरी मला त्या दिवशी जे खटकलं ते अजून खटकतंच आहे, म्हणून हा लेख.

किली पॉल कोण हे तुम्हाला सांगायला नको. मसाई पेहरावातला टांझानियन तरुण, कधी सोबत बहीण नीमा, मागे मोकळं माळरान, आणि ओठांवर 'रातां लम्बियां'. २०२१च्या शेवटाला ही रील्स आपल्याकडे वणव्यासारखी पसरली. फेब्रुवारी २०२२मध्ये टांझानियातल्या भारतीय उच्चायुक्तालयाने त्याचा सत्कार केला आणि त्याच महिन्यात पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये या बहीण-भावाचं कौतुक केलं. आपण सगळ्यांनी ते शेअर केलं. मीही केलं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, नाहीतर कमेंटमध्ये तेच सुरू होईल. किली पॉलबद्दल माझी काहीही तक्रार नाही. येत नसलेल्या भाषेतल्या गाण्याचे ओठ इतके अचूक जुळवणं सोपं काम नाही. त्यातून तो चार पैसे कमावत असेल तर उत्तमच. तक्रार आपल्याबद्दल आहे. साडेसहा कोटींच्या वर लोकवस्ती असलेल्या, शंभर वर्षांचा ध्वनिमुद्रित संगीताचा इतिहास असलेल्या देशातून आपण नेमकं काय उचललं? आपलंच गाणं. ओठ तेवढे त्यांचे. याला आपण 'आफ्रिकेचं प्रेम' म्हणतो. मला ते आरशावरचं प्रेम वाटतं.

मुंबई, १९२८

हे नुसतं अज्ञान असतं तर सोडून दिलं असतं. जगात दोनशे देश आहेत, कुणाकुणाची गाणी ऐकणार? पण टांझानियाच्या बाबतीत ही पळवाट आपल्याला नाही. त्या देशाच्या ध्वनिमुद्रित संगीताची गोष्ट सुरूच होते ती मुंबईत.

झांझिबार बेटावर फुंबा नावाचं गाव आहे. १८८०च्या आसपास तिथे एक मुलगी जन्मली. घरची परिस्थिती अशी, की तिचं नाव ठेवलं 'म्तुम्वा'. स्वाहिलीत या शब्दाचा अर्थ गुलाम. बेटावर तेव्हा गुलामगिरी कायदेशीर होती, ती रद्द झाली १८९७ साली. ही मुलगी आईने घडवलेली मातीची मडकी गावोगाव ओरडत विकायची. त्या ओरडण्यातून तिचा आवाज लोकांच्या लक्षात आला असं सांगतात. पुढे ती शहरात आली, गाणं शिकली, आणि लोक तिला आदराने 'सिती' म्हणू लागले. सिती बिंती साद.

त्याआधी झांझिबारच्या सुलतानाच्या दरबारात जे 'तारब' गायलं जाई ते अरबी भाषेत. एकोणिसाव्या शतकात सुलतान बर्गाशने आपला माणूस कैरोला पाठवून ते शिकवून आणवलं होतं. (हा बर्गाश गादीवर येण्याआधी, भावाविरुद्धचं बंड फसल्यावर, मुंबईत हद्दपारीत राहिला होता. ही दोन शहरं एकमेकांना नवी नाहीत.) दरबारी मंडळींचं ते गाणं सितीने स्वाहिलीत आणलं. स्वाहिली म्हणजे स्वयंपाकघराची, बाजाराची, गोदीवरच्या हमालाची भाषा. विषयही तिथलेच: लाच खाणारे अधिकारी, गरिबाला उभं न करणारी कोर्टं, बायकांवर हात टाकून सुटून जाणारे पुरुष. 'किजिती' हे तिचं गाणं एका खऱ्या खुनावर आहे. दार-ए-सलामहून पाहुणी आलेल्या बाईचा खून होतो, खुनी पळून मुख्य भूमीवर जातो आणि शिक्षा होते ती तिच्यासोबतच्या बायकांना. आज सोशल मीडियावर आपण ज्याला 'व्हिक्टिम ब्लेमिंग' म्हणतो, त्याच्यावर ही बाई शंभर वर्षांपूर्वी तबकडी काढत होती.

आणि ती तबकडी निघाली मुंबईत. १९२८ साली 'हिज मास्टर्स व्हॉइस' कंपनीने सिती आणि तिच्या साथीदारांना जहाजाने मुंबईला आणलं, कारण पूर्व आफ्रिकेत तेव्हा ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती. स्वाहिली गाण्यांच्या पहिल्या व्यावसायिक तबकड्यांमध्ये तिच्या या तबकड्या मोडतात. त्या तुफान खपल्या आणि पुढेही असे दौरे झाले. त्याच काळात त्याच कंपनीच्या तबकड्यांवरून मराठी नाट्यसंगीत आपल्या पणजोबांच्या घरात पोचत होतं. त्यातल्या एकेका ओळीचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो असावाच. पण याच शहरात एका गुलाम घरातल्या बाईने एका अख्ख्या भाषेचा आवाज तबकडीवर कोरला, हे मुंबईतल्या कोणत्या पाटीवर वाचल्याचं मला आठवत नाही. मुंबईच्या संगीत-इतिहासावरच्या गप्पांमध्येही मी तिचं नाव कधी ऐकलेलं नाही.

याच्या उलट, झांझिबार म्हटलं की आपल्याला एक गोष्ट पक्की पाठ असते. फ्रेडी मर्क्युरी तिथे जन्मला आणि आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला. पाचगणीला गेलेला प्रत्येक जण हे सांगतो. म्हणजे झांझिबार आणि महाराष्ट्र यांच्यातला धागा आपल्याला दिसतो, फक्त त्याच्या टोकाला लंडन असावं लागतं. फुंबा ते मुंबई हा धागा लंडनला जात नाही, म्हणून तो दिसत नाही.

टांझानियात मात्र सिती विस्मरणात गेलेली नाही. थोर स्वाहिली लेखक शाबान रॉबर्ट यांनी तिचं चरित्र लिहिलं. तिथल्या पत्रकार स्त्रियांच्या संघटनेने आपल्या मासिकाला नाव दिलं 'साउती या सिती', म्हणजे सितीचा आवाज. तिच्या गाण्यांवर वाढलेली बी किदुदे नव्वदी उलटल्यावरही ढोल कमरेला बांधून जगभर गात होती. ती २०१३ साली गेली.

त्यांनी आपलं गाणं घेतलं, पण असं नाही

"मग हिंदी गाणी त्यांना आवडतात यात वाईट काय? आवडतातच की!"

आवडतात. झांझिबार आणि दार-ए-सलाममधल्या थिएटरांत हिंदी सिनेमे पिढ्यान्‌पिढ्या चालले. तारबच्या वाद्यमेळात कानून आणि उदच्या शेजारी आपली पेटी आणि तबला जाऊन बसले. किनाऱ्यावरच्या कित्येक गायकांनी हिंदी सिनेमाच्या चाली उचलल्या. पण उचलून काय केलं ते बघा. चाल ठेवली आणि शब्द स्वतःचे लिहिले. स्वाहिली काव्याची अक्षरमोजणीची शिस्त कडक असते. त्या शिस्तीत बसवून, शेजारणीला टोमणा मारणारं, नवऱ्याची फजिती करणारं, राजकारण्याला चिमटा काढणारं नवं गाणं उभं केलं. तारबच्या मैफलीत श्रोता बाई उठते, नाचत पुढे येते आणि गाणाऱ्याच्या हातात नोट ठेवते. कधी ती नोट कौतुकाची असते, कधी 'हे कडवं त्या कोपऱ्यात बसलेलीसाठी' असं न बोलता सांगणारी. चाल आपल्याकडून गेलेली असली तरी भांडण पूर्णपणे तिथलं असतं.

संगीताची देवघेव म्हणतात ती ही. आपलं नाट्यसंगीत, आपलं सिनेसंगीत असंच वाढलं. कर्नाटकातून चाली आल्या, इराणातून आल्या, लॅटिन अमेरिकेतून ठेके आले. देवघेवीत घेणारा काहीतरी स्वतःचं ओततो. रीलच्या खिडकीतून आपल्याला पाहायचं असतं ते याच्या बरोबर उलट: त्याने काही ओतू नये, जसंच्या तसं परत द्यावं. त्याने एक शब्द जरी स्वतःचा घातला असता तर आपण तितक्याच प्रेमाने शेअर केलं असतं का? मला शंका आहे.

'ही तर अमेरिकेची नक्कल'

आता दुसरा आक्षेप. हा थोड्या जाणकार मंडळींकडून येतो. "जुनं तारब ग्रेट असेल, पण आज तिथे वाजतं ते बोंगो फ्लेवा. म्हणजे अमेरिकन हिपहॉपची नक्कल. आफ्रिकेचं अस्सल काही असेल तर सांगा."

हा आक्षेप मला रीलवाल्यांच्या भाबडेपणापेक्षा जास्त चीड आणतो. 'अस्सल' हवं म्हणजे काय हवं? कातडी ढोल, मणी आणि सूर्यास्त. गिटार चालत नाही, लॅपटॉप तर नाहीच. मुंबईतल्या रॅपरने धारावीच्या हिंदीत रॅप केलं की तो 'गली का आवाज', आणि तांदालेतल्या पोराने स्वाहिलीत केलं की नक्कल. हा हिशेब कुठल्या वहीत लिहिलाय?

बोंगो फ्लेवाची जन्मकथाच बघा. 'उबोंगो' म्हणजे मेंदू. दार-ए-सलाममध्ये तगून राहायचं तर डोकं चालवावं लागतं, म्हणून त्या शहराला लोक 'बोंगो' म्हणतात. सुरुवात खरंच नकलेपासून झाली. १९९०च्या दशकाच्या आरंभी सालेह जाबीर या तरुणाने एका गाजलेल्या अमेरिकन रॅप गाण्याला स्वाहिली शब्द चढवले. पण ते शब्द एड्सपासून सावध करणारे होते, आणि स्वाहिलीत रॅप होऊ शकतं हे त्यातून सगळ्यांना कळलं. त्याच सुमारास सरकारी रेडिओची मक्तेदारी संपली, खासगी एफएम आले, आणि ज्या पोरांना सरकारी स्टुडिओच्या फाटकातूनही आत घेतलं नसतं त्यांची गाणी वाजू लागली. २००१च्या सुमारास प्रोफेसर जेचं 'न्दियो म्झे' आलं. त्यात एक पुढारी वाट्टेल ती आश्वासनं देतो आणि जमाव 'होय साहेब, होय साहेब' करत राहतो. नकलाकाराला स्वतःच्या देशातला पुढारी इतका नेमका सापडत नाही. हाच प्रोफेसर जे २०१५ साली विरोधी पक्षाकडून खासदार झाला. त्याच्याआधी २०१० साली सुगू नावाचा रॅपर म्बेयामधून निवडून आला होता. २०१८ साली एका सभेत राष्ट्राध्यक्षांचा अपमान केल्याच्या आरोपावरून त्याच सुगूला पाच महिन्यांची शिक्षा झाली.

आणि जुन्याशी नातं तुटलं म्हणाल तर तेही खोटं. आजच्या सगळ्यात लोकप्रिय गायिकांपैकी एक झूचू. तिची आई खदिजा कोपा, झांझिबारच्या तारबची राणी. डायमंड प्लॅटनम्झचं २०१६चं 'सालोमे' हे सैदा करोलीच्या गाजलेल्या लोकगीतावर बेतलेलं आहे. आणि 'सिंगेली' नावाचा प्रकार ऐकलात तर तुम्हाला वाटेल मोबाइल बिघडला. मला तसंच वाटलं होतं. दार-ए-सलामच्या गरीब वस्त्यांत, रस्त्यावर रात्रभर चालणाऱ्या पार्ट्यांतून हे निघालं. मिनिटाला दोनशेच्या वर ठोके, त्यावर पिस्तुलातून सुटल्यासारखे शब्द. खाली जे वेडंवाकडं वाजत असतं ते पुष्कळदा जुन्या तारबचे तुकडे वेग वाढवून फिरवलेले असतात. सितीच्या गाण्याची पणती म्हणा हवं तर.

संस्कृतीचे राखणदार

इथवर आपल्यावर राग काढला. पण हा लेख भारतीयांनी टांझानियाची क्षमा मागावी यासाठी नाही. तिथल्या संगीताचा गळा दाबणारे हातही आहेत आणि ते तिथलेच आहेत.

स्वातंत्र्यानंतर न्येरेरेंनी संस्कृतीचं खातं उभं केलं. वसाहतवाद्यांनी आमच्या पोरांना स्वतःची नृत्यं विसरून त्यांची नृत्यं करायला शिकवलं, ही त्यांची वेदना खरी होती. त्यातून सरकारने बँड पोसले. कामगार संघटनेचा बँड, पोलिसांचा बँड, सैन्याचा बँड, टॅक्सी चालवणाऱ्या सरकारी कंपनीचासुद्धा बँड. त्या कंपनीच्या बँडचं नाव म्लिमानी पार्क. हे 'मुझिकी वा दान्सी'चे दिवस. वादकांना महिन्याचा पगार होता. आज फ्रीलान्सवर जगणाऱ्या आपल्यातल्या कुणालाही हेवा वाटावा. पण गिटार बँडच्या मालकाची, गाण्याची टेप रेडिओची, आणि तबकडी दाबण्याचा कारखाना देशात नाही, म्हणून ती शेजारच्या केनियात. १९६९ साली दार-ए-सलाममध्ये 'सोल' संगीतावर बंदी आली, कारण ते परकं आणि तरुणांना बिघडवणारं. पुढे एड्सची साथ ऐन भरात असताना रेमी ओंगालाने कंडोम वापरा असं सांगणारं 'माम्बो क्वा सोक्सी' केलं, ते सरकारी रेडिओने वाजवलं नाही. लोकांनी ते कॅसेटवर ऐकलं.

पोसणारा हात आणि तोंड दाबणारा हात एकच असतो तेव्हा संस्कृती हा शब्द ऐकताना सावध राहावं. मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. स्वातंत्र्यानंतर लगेचच अश्लीलतेच्या नावाखाली तमाशावर बंदी घालून, मग त्याच्या 'सुधारणे'साठी समिती नेमणारं सरकार आपणही पाहिलंय.

टांझानियात हे आजही चालू आहे. मार्च २०१७मध्ये ने वा मितेगो या रॅपरला सरकारवर टीका करणाऱ्या 'वापो' या गाण्याबद्दल अटक झाली आणि कला परिषदेने गाण्यावर बंदी घातली. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष मागुफुलींनी मंत्र्यामार्फत निरोप धाडला: त्याला सोडा, मला गाणं आवडलं, त्यात आणखी काही लोकांची नावं घाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या ऐकू आल्या की कसंतरी होतं. साहेबांच्या मर्जीने सुटलेलं गाणं साहेबांच्या मर्जीने पुन्हा आत जाऊ शकतं. त्याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत. पुढच्याच महिन्यात रोमा नावाच्या दुसऱ्या टीकाकार रॅपरला स्टुडिओतून उचलून नेलं गेलं. काही दिवसांनी तो सापडला तेव्हा अंगावर माराच्या खुणा होत्या. त्या वेळी कुणी कविता सुधारून मागितली नाही.

२०१८ साली डझनभराहून जास्त गाण्यांवर एका फटक्यात प्रसारणबंदी आली. डायमंडला एका चुंबनाच्या व्हिडिओबद्दल पोलिसांनी बोलावून घेतलं. वर्ष संपता संपता 'म्वान्झा' या गाण्यावरून त्याच्यावर आणि रेव्हॅनीवर कार्यक्रम करण्याचीच बंदी आली. ती पुढच्या महिन्यात उठली, कारण तो डायमंड होता. मार्च २०२४मध्ये झूचूला तिच्या स्वतःच्या झांझिबारमध्ये सहा महिने गाण्याची बंदी झाली, कारण अश्लीलता. शेजारणीला चारचौघांत टोमणे मारणाऱ्या तारबच्या राणीची ही मुलगी. जे बेट आडून बोलण्याच्या कलेवर शंभर वर्षं जगलं, त्याच बेटाच्या अधिकाऱ्यांना मुलीने सरळ बोललेलं सहन होत नाही.

पैशाची गोष्ट

इथे मोबाइल पुन्हा आत येतो. कॅसेटच्या काळात गायकाला सगळ्यात मोठा चोर होता तो नक्कल-कॅसेटवाला. १९९९ साली नवा कॉपीराइट कायदा आला, पण कायदा आणि बाजार यांची गाठ क्वचितच पडते. मग यूट्यूब आलं. डायमंड, तांदालेच्या गरीब वस्तीत वाढलेला पोरगा, २०२० साली यूट्यूबवर शंभर कोटी व्ह्यूज गाठणारा सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडचा पहिला आफ्रिकी कलाकार ठरला. स्वतःचं लेबल, स्वतःचा टीव्ही, स्वतःचा रेडिओ. त्याच्या लेबलमधून बाहेर पडताना हार्मोनाइझसारख्या कलाकारांचे कसे वाद झाले तेही लोकांनी पाहिलं. पूर्वी बँडच्या मालकाकडे गिटार असायची, आता लेबलच्या मालकाकडे चॅनेल असतो.

या सगळ्यात आपला क्लिक कुठे जातो? रील पाहिली की ती फिरवणाऱ्या कंपनीला जाहिरात मिळते. वाजणाऱ्या गाण्याचे हक्क भारतीय संगीत कंपनीकडे असतात. ओठ हलवणाऱ्याला फॉलोअर आणि नशीब असेल तर जाहिराती मिळतात. दार-ए-सलाममधल्या गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला, गाणं लिहिणाऱ्याला या व्यवहारातून एक छदाम मिळत नाही. म्हणजे टांझानियावरच्या आपल्या या प्रेमाचा बराचसा पैसा फिरून मुंबईलाच परत येतो. १९२८ साली निदान गाणं तरी सितीचं होतं.

'भाषा कळत नाही' आणि इतर सबबी

"पण स्वाहिली कळत नाही हो." बरं. कोरियन कळते? स्पॅनिश कळत होती, जेव्हा अख्खं लग्नघर 'देस्पासितो'वर नाचत होतं? उलट स्वाहिलीत गाडीला गारी म्हणतात, दुकानाला दुका, चहाला चाय आणि चपातीला चपाती. सुरुवात करायला एवढं पुरे आहे.

"संगीताला सीमा नसतात, प्रेम वाढतंय ना?" हे वाक्य ऐकलं की मला दोन गोष्टी आठवतात. जानेवारी २०१६मध्ये बेंगळुरूत एका जमावाने एका टांझानियन विद्यार्थिनीला गाडीतून ओढून मारहाण केली होती. कारण काय, तर तिथे आधी झालेला अपघात एका दुसऱ्याच आफ्रिकी माणसाच्या गाडीने केला होता. तिचा त्या अपघाताशी काहीही संबंध नव्हता. त्या जमावातल्या किती जणांनी पुढे किली पॉलच्या रीलला बदाम दिला असेल? बहुतेक बऱ्याच जणांनी. आणि दुसरी गोष्ट उलट दिशेची. १९६४च्या जानेवारीत झांझिबारमध्ये क्रांती झाली तेव्हा अरबांवर आणि भारतीयांवर भयानक हिंसा झाली. त्या बेटावर हिंदी गाण्यांचं वेड तेव्हाही होतंच.

तेव्हा गाणी ऐकून माणसं चांगली होतात असा माझा दावा नाही. गाण्यावर एवढं ओझं टाकू नये. माझं मागणं फार छोटं आहे. शेजाऱ्याशी शंभर वर्षांचा व्यवहार असेल तर त्याचं नाव तरी नीट माहीत असावं. तो काय बोलतो ते एकदा ऐकावं. तो आपल्याला आपल्यासारखा दिसला तरच गोड, ही सवय सोडावी. परदेशात गेलेल्या मराठी मुलाला कुणी 'इंडिया? बॉलिवूड! नाचून दाखव' म्हणालं की आपला किती संताप होतो! त्या टपरीवर आपण नेमके ते झालो होतो.

त्या दिवशी पोरं गेल्यावर मी त्याला विचारलं, तुमच्याकडे हल्ली काय ऐकतात? त्याने एक इअरफोन मला दिला आणि सिंगेली लावलं. मी दचकलो, तर तो खदखदून हसला. मग म्हणाला, थांब, आधी हे ऐक, आणि झूचू लावलं. मग, हे माझ्या आईचं, असं म्हणून खदिजा कोपा. पावसाचा जोर वाढला होता आणि आम्ही दोघं पत्र्याखाली एका वायरला बांधल्यासारखे उभे होतो. शब्द मला एकही कळत नव्हता. एका जागी तो एकदम हसला. मी विचारलं, काय म्हणाली? तो म्हणाला, सांगता येणार नाही, शेजारणीबद्दल आहे.

सिती बिंती सादचं नाव मला पुढे, घरी येऊन शोधताना सापडलं. तुम्हाला शोधायला दहा सेकंद लागतील. मोबाइल तर हातात आहेच.